रविवारचा भात

आत्याचं त्या परदेशी बाईशी पहिल्या आठवड्यात जे बिनसलं, ते शेवटपर्यंत बिनसलेलंच राहिलं. मध्ये कुठेतरी दोघींची मनं जुळली, डोळे पाणावले, असं सांगायला मलाही आवडलं असतं. तसं झालं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तंत्रशाळेच्या वसतिगृहात ती बावीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होती. लेथ, वायरिंग, वेल्डिंग शिकणारी दीडशे तरणी मुलंमुली, त्यांची दोन वेळची जेवणं आणि हाताखाली तीन बायका. मुलं तोंडावर तिला आत्या म्हणत आणि पाठीमागे फौजदारबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडायचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा निघून गेला होता. त्याबद्दल कुणी विचारलंच तर ती म्हणायची, त्याला मिठातलं कळत नव्हतं. विषय संपला.

मी टंकलेखन शिकून शाळेच्या कचेरीत लागले आणि तिच्याकडे राहायला आले. स्वयंपाकघराच्या मागे तिला दोन खोल्या दिल्या होत्या. आमच्या खोलीतून दार उघडलं की थेट चार मोठ्या शेगड्या दिसायच्या, त्यांच्यावर उंचीप्रमाणे टांगलेले डाव आणि झारे, आणि पलीकडे जेवणाच्या दालनात उघडणारी वाढपाची खिडकी. त्या खिडकीत उभी राहून आत्या सगळ्यांवर नजर ठेवायची. जेवताना बोलायचं नाही, ताटात टाकायचं नाही, दुसऱ्यांदा मागायचं तर नीट मागायचं. नाकावर माशी बसू देणाऱ्यांतली ती नव्हती.

ज्या वर्षी वसतिगृहाला नवा रंग लावला, त्या वर्षी मिशनरी जोडपं आलं. दोघंही पन्नाशीच्या पुढची. नवरा खांबासारखा उंच, कमी बोलणारा. संध्याकाळी तो त्याची भाषा शिकवणार होता, कारण बाहेरच्या कारखान्यांत नोकरी हवी तर ती यायला लागायची. बायको बुटकी, चालायला लागली की धावतेय असं वाटणारी. आमची भाषा ती बोलायची, पण एकेक शब्द खिशातून काढून ठेवल्यासारखी. मुलं तिला मॅडम म्हणत. आत्या तिला फक्त ‘ती’ म्हणायची.

रविवारी दुपारी वसतिगृहाचं जेवण बंद असायचं. प्राचार्यांनी त्या वेळेला स्वयंपाकघराची दुसरी किल्ली मॅडमला दिली. सकाळी त्यांची प्रार्थना, ज्याला यायचं त्याने यावं. मग थोडा अभ्यास, मग जेवण. आत्याला कुणी विचारलं नाही. प्राचार्यांनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली आणि ती मीच टाइप केली होती.

पहिल्याच रविवारी मॅडमने काय केलं, तर स्वयंपाकाआधी आत्याची घासून पालथी घातलेली सगळी पातेली पुन्हा घासली. आत्या आमच्या दारात उभी राहून ते बघत होती. बाईच्या घासलेल्या पातेल्याला दुसऱ्या बाईने काथ्या लावायचा, याचा अर्थ कुठल्याही देशात एकच होतो.

मग जुंपली. पुढच्या रविवारी सगळ्या धारदार सुऱ्या आमच्या पलंगाखाली गेल्या आणि ओट्यावर एक बोथट तेवढी उरली. मॅडमने तक्रार केली नाही. तिने स्वतःची सुरी आणली, मुठीला लाल पट्टी गुंडाळली आणि आत्याच्या मोठ्या डावाच्या खिळ्याला टांगून ठेवली. आत्याने ती काढून पिठाच्या डब्यात खुपसली. मॅडमने ती शोधून परत टांगली. मॅडमने भिंतीवर हात धुण्याबद्दलचा कागद लावला, त्यातल्या अर्ध्या वेलांट्या चुकलेल्या. दोन दिवसांत त्यावर तेल सांडलं. तिने दुसरा लावला. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, तसं ते स्वयंपाकघर झालं होतं. हाताखालच्या तिघी बायका तर रविवारनंतर सोमवारी काय दिसेल याची वाट पाहायच्या.

आत्याला खरं झोंबलं ते वेगळंच. पहिल्या रविवारी आठ जण होते. चार महिन्यांत साठ झाले. मॅडमचा नवरा, तो खांब, मोठ्या टोपलीतले बटाटे घेऊन जमिनीवर बसायचा आणि मुलांना सोलायला लावून भाषा शिकवायचा: मी सोलतो, तू सोलतोस, ती सोलते. मुलं खिदळायची. जेवताना भरल्या तोंडाने बोलायची. मॅडमचं सूप पाण्यासारखं असायचं, हे मी चाखून सांगते आहे, आणि कांद्याच्या फोडी एक खिडकीएवढी तर एक कणभर. तरी मुलं जायची. आत्याच्या हातचं खाऊन बावीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं. तिने हसू दिलं नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल.

गावातही कुजबुज होतीच. ही माणसं आपली घरंदारं सोडून इथे आली ती काय उगाच? आज सूप पाजतायत, उद्या काय पाजतील? पालक समितीचा अध्यक्ष रंगाचा दुकानदार होता. तो बोलायला लागला की समोरच्याची पाळी येतच नसे. त्याची मुलगी वायरिंग शिकत होती आणि बापाने बजावूनसुद्धा रविवारी पहिल्या रांगेत बसायची. आत्या दुकानदाराला भेटली की दोघांचं चांगलं जमायचं.

त्या शनिवारी संध्याकाळी शाळेचा फुटबॉलचा सामना होता. निम्मी मुलं बाहेरच खाऊन आली आणि अर्धं पातेलं भात उरला. दिवस उकाड्याचे. आत्याने तो झाकून ओट्यावर ठेवला, बावीस वर्षं ठेवत आली तसा. फ्रीज होता, पण तो दुधापुरताच.

रविवारी शेजारच्या शाळेतली मुलंही आली. नव्वदच्या वर माणसं, आणि मॅडमने साठांचं केलेलं. सूप संपलं, भाजलेले बटाटे संपले, आणि रांग अजून दारापर्यंत होती. मॅडम रिकामं पातेलं खरवडत होती. आत्या आमच्या दारात हाताची घडी घालून उभी. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. इतक्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, आत्या असती तर कमी पडलं नसतं.

झालं. आत्याने पदर खोचला, शेगडी पेटवली, तेलात कांदा आणि मिरच्या टाकल्या आणि भाताचं पातेलं ओढलं. मॅडम धावत आली. तिने भाताला नाक लावलं.

“कधीचा?”

“कालचा.”

“रात्रभर बाहेर?”

“मग काय, उशाला घेऊन झोपू?”

मॅडमने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, “हा नको.”

मी ओट्याच्या या टोकाला उभी होते. आत्याने तिचा हात झाकणावरून असा बाजूला केला की तो ओट्यावर आपटला. म्हणाली, या पातेल्यातलं खाऊन इथली किती मुलं कामाला लागली ते मोजायला तुला दुसरा जन्म घ्यावा लागेल. भात परतला आणि स्वतः वाढला. तीसेक जणांनी खाल्ला, बोटं चाटून. रंगवाल्याच्या मुलीने दोनदा घेतला. आत्या त्या दिवशी जेवणाऱ्यांना बोलू नका म्हणाली नाही.

तीन वाजता पहिला मुलगा ओकला. चारपर्यंत सव्वीस जण आडवे झाले होते. शाळेची गाडी, पाववाल्याची गाडी, मिळेल ते वाहन करून सगळ्यांना रुग्णालयात नेलं. आत्याने त्या दिवशी कुणाचं डोकं धरलं नाही, कुणाची घाण काढली नाही असं नाही; तिने सगळं केलं. मॅडम दुसऱ्या बाजूने तेच करत होती. दोघी एकमेकींच्या अंगावरून गेल्या, पण बोलल्या नाहीत. बहुतेक मुलं रात्र व्हायच्या आत सावरली. रंगवाल्याच्या मुलीला मात्र तीन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. घरी आल्यावर आत्याने भाताचं पातेलं घासलं. मी पाहत होते.

सोमवारी आरोग्य अधिकारी आला. प्राचार्यांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं आणि जबाब उतरवायला मला मशीनवर बसवलं. सूप, बटाटे, भात, अशी यादी झाली. सुपात दूध होतं का, असं त्याने विचारलं. होतं. ते कधी आणलं, कुठे ठेवलं? भाताबद्दल त्याने एवढंच विचारलं की हाही तुमच्याच जेवणातला ना?

मॅडम म्हणाली, “रविवारी जे वाढलं, ते सगळं आमचं. जबाबदारी आमची.”

खांबाने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग अधिकाऱ्याने आत्याला विचारलं, तुमचा काही संबंध? आत्या म्हणाली, “रविवारी स्वयंपाकघर माझ्याकडे नसतं.”

माझी बोटं कळांवर होती. मी तेच वाक्य उतरवलं, पूर्णविराम दिला. कागदावर शेवटी आलं ते असं, की दूध घातलेल्या सुपामुळे बाधा झाली असावी. भात आदल्या दिवशीचा होता हे वाढपाच्या खिडकीपलीकडच्या मुलांना माहीत नव्हतं, मग त्याचा संशय कुणाला येणार? भात तर सगळे रोजच खात होते.

मग गावाने त्या दोघांचं जिणं नकोसं केलं. सुपात दूध होतं हे गावात पोचेपर्यंत सुपात औषध होतं असं झालं. मंगळवारी भरदुपारी त्यांच्या खिडकीवर दगड आले. खांबाच्या सायकलची दोन्ही चाकं कुणीतरी चिरली. दूधवाल्याने त्यांना दूध घालणं थांबवलं. मॅडम बाजारात गेली तर भाजीवालीने तिच्यासमोर टोपलीवर फडकं टाकलं. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि साप कोण ते तिघींना माहीत होतं: मॅडमला, आत्याला आणि मला. प्राचार्यांनी त्यांना शनिवारपर्यंत खोली सोडायला सांगितलं.

ते चार दिवस आत्या स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तिने जे केलं त्यावरून लोक तिला फार मोठी करतात.

गुरुवारी सकाळी ती मला म्हणाली, चल, त्यांच्याकडून आपली किल्ली घेऊन येऊ. आम्ही दोघी वरच्या मजल्यावर गेलो. खोलीत खोकी भरून ठेवली होती. फुटक्या तावदानाला पुठ्ठा लावला होता. खांब नव्हता. मॅडम वह्यांचे गठ्ठे बांधत होती. आत्याने किल्ली मागितली, तिने दिली. तेवढ्यावर निघायचं होतं, पण आत्याचा पाय उंबऱ्यातच अडला.

“तू त्या साहेबाला खरं का नाही सांगितलंस?”

मॅडमने दोरीची गाठ आधी पूर्ण केली. मग शब्द शोधत म्हणाली, “तुम्ही बावीस वर्षं इथे. आम्हाला जायला घर आहे. तुम्ही कुठे जाल?”

आत्याचा चेहरा तापला. “तुझी दया मागितली होती का मी?”

“दया नाही,” मॅडम म्हणाली. “मला तुम्ही आवडत नाही. अजिबात नाही. मी साहेबाला सांगितलं असतं, तर मला फार आनंद झाला असता. म्हणून नाही सांगितलं.”

आत्या जिना उतरली ती दोन दोन पायऱ्या सोडत. मला वाटलं घरी जाईल. ती तशीच, कमरेला ओला टॉवेल खोचलेला, प्राचार्यांच्या खोलीकडे वळली. वाटेत एवढंच बोलली की त्या बाईने माझ्या डोक्यावर उपकार ठेवून जायचं आणि मी ते जन्मभर वागवायचं, हे होणार नाही.

खोलीत पालक समिती बसली होती. रंगवाला बोलत होता. आत्याने दार लोटलं आणि सरळ सांगितलं, “भात माझा होता. शनिवारचा. रात्रभर ओट्यावर होता. ती नको म्हणत होती, मी वाढला.”

मला वाटलं होतं खोली हादरेल. कुणी हललंसुद्धा नाही. त्या लोकांना हवा तो गुन्हेगार सापडला होता, आता दुसरा कुणाला नको होता. प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, आत्या, तुम्ही दमला आहात, घरी जा, प्रकरण मिटत आलंय. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. परदेशी माणसं गेली की शाळेवर डाग राहत नव्हता, आणि शाळेची स्वयंपाकीण दोषी ठरली तर राहत होता. रंगवाला म्हणाला, ही बाई त्यांना सामील झालेली दिसते. तिलाही काहीतरी पाजलेलं दिसतंय.

“सामील?” आत्या म्हणाली. “मी त्या बाईला पाण्यात पाहते. कुणालाही विचारा. आजही पाहते.”

मग तिने सगळं सांगितलं. शनिवारी भात किती वाजता उतरवला, किती उरला, कशाने झाकला, रविवारी किती वाजता परतला, पहिला मुलगा किती वाजता ओकला, आणि सुपावर थांबलेल्या साठांपैकी एकही आजारी नाही हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. हे शेवटचं ऐकल्यावर मात्र रंगवाल्याने खुर्चीत बूड हलवलं. त्याच्या मुलीने भात दोनदा घेतला होता, हे तिने रुग्णालयात त्यालाच सांगितलं होतं.

तो म्हणाला, “बावीस वर्षांत कुणाला काही झालं नाही.”

“बावीस वर्षं नशीब होतं,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. मी कोपऱ्यात मशीनपाशी उभी होते. “सोमवारचा कागद काढ. तो फाड आणि दुसरा घाल. मी सांगते तसं लिही.”

मी प्राचार्यांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी कागद घातला.

आरोग्य अधिकाऱ्याने नवा जबाब वाचून भाताचाच दोष असल्याचं लिहून दिलं. आत्याला स्वयंपाकघरातून काढलं आणि पंधरा दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मला कचेरीत ठेवलं, कारण मी फक्त सांगितलं तेवढं टाइप करणारी होते. त्या दोघांना राहू दिलं, पण त्यांची कुणी माफी मागितली नाही. दगड मारणाऱ्यांनी कधी खिडकीला काच लावून दिल्याचं ऐकलंय का? पुढच्या रविवारी अकरा मुलं आली. पुढे वीस-बावीस झाली, पण साठ पुन्हा झाली नाहीत. आणि रविवारचं जेवण आता मॅडम तिच्या खोलीतल्या एका शेगडीवर करत होती, स्वयंपाकघराची किल्ली तिला परत दिली नव्हती.

रंगवाल्याची मुलगी बरी होऊन आली ती पहिल्यांदा आत्याकडे आली. आत्या भांडी बांधत होती. मुलगी दारातच थांबली. म्हणाली, तुमच्या भाताने आजारी पडले त्याचं काही नाही, पण तुम्ही चार दिवस गप्प बसलात, आणि त्या चार दिवसांत माझे बाबा त्यांच्या खिडकीखाली दगड घेऊन उभे होते. आता घरात त्यांच्यासमोर बसून जेवता येत नाही मला. आत्याने बस म्हटलं. ती बसली नाही, गेली.

सामान हलवायच्या दिवशी मॅडम न बोलावता आली आणि पलंगाची एक बाजू उचलली. आत्या म्हणाली, ठेव खाली. तिने ठेवली नाही. दोघी त्या पलंगासह दारात अडकल्या. आत्या म्हणत होती डावीकडे वळव, मॅडम म्हणत होती आधी उभा करा, आणि दोघीही आपलंच खरं करत होत्या. चौकटीचा रंग खरवडला गेला. हमाल विडी ओढत बघत बसला. शेवटी पलंग निघाला तो मॅडमच्या पद्धतीने, आणि आत्याने त्याचा राग पुढे आठवडाभर माझ्यावर काढला.

आम्ही सिमेंटच्या गोदामामागे एका खोलीत राहायला गेलो. स्वयंपाकाच्या कामावर तिला कुणी घेईना. रुग्णालयाच्या धुलाईघरात तिने चादरी धुतल्या, सात वर्षं. हातांना कांद्याचा वास येणं बंद झालं, त्याची तिला सवय व्हायला वेळ लागला. मिशनरी जोडपं त्याच वर्षी सत्र संपल्यावर गेलं. जायच्या आदल्या आठवड्यात मॅडम धुलाईघरात आली होती. तिने विचारलं, आमच्या जागी जे येतील त्यांना रविवारचा स्वयंपाक शिकवाल का? तुमच्यासारखं इतक्या माणसांचं करणं मला जमलं नाही. आत्याने हातातली चादर पिळून दोरीवर टाकली आणि म्हणाली, तुझ्या फोडी बघून माझं डोकं उठायचं, आता दुसरीच्या बघू का? मॅडम बरं म्हणाली आणि गेली. आत्या रुग्णालयात जाता-येताना पुढे कितीतरी दिवस वसतिगृहावरून जाणारा रस्ता टाळायची.

आता आत्या माझ्याकडे असते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. जुनी मुलं भेटायला येतात. केस पांढरे झालेले, पोट सुटलेले फोरमन आत्याच्या पाया पडतात आणि म्हणतात, तुमच्यासारखं खरं बोलणारं माणूस पाहिलं नाही. आत्या ऐकून घेते आणि चहा टाकायला सांगते.

एकदा ते गेल्यावर मी तिला विचारलं. इतकी वर्षं मनात होतं. म्हटलं, आत्या, गप्प तर मीही बसले होते. सोमवारी तो कागद मीच टाइप केला. तू मला कधी बोलली नाहीस.

ती शेंगा निवडत होती. म्हणाली, “तू घाबरली होतीस. माझं तसं नव्हतं. मला बरं वाटत होतं.”

मग पुढची शेंग उचलत म्हणाली, “तिच्या खिडकीवर दगड पडला ना, तो आवाज मी ओट्यापाशी उभी राहून ऐकला. तेव्हाही बरंच वाटलं.”

तिने खराब शेंगा वेगळ्या काढल्या, चांगल्या माझ्याकडे सरकवल्या आणि कुकर लावायला सांगितलं.